तोंडानं ठो

पेणला आम्ही ज्यांच्याकडे वरच्या मजल्यावर भाड्यानं राहतो, ते काका रोह्याच्या एका कंपनीतून फिटर म्हणून रिटायर झाले होते. पण कंपनी सुटली तरी शिफ्ट काही सुटली नाही. घराच्या मागच्या पडवीत त्यांनी पत्रे ठोकून वर्कशॉप केलं होतं आणि तिथं ते कामावर जायचे. अगदी रीतसर. खाकी शर्ट घालायचा, बूट चढवायचे, स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून सांगायचं, "येतो गो. आज फर्स्ट हाय." काकूंनी "हं" म्हणायचं. मग पुढच्या दारानं बाहेर पडायचं, घराला वळसा घालायचा आणि मागून पडवीत शिरायचं. स्वयंपाकघरातून पडवीत जायला सरळ दार होतं. पण कंपनीत कोण स्वयंपाकघरातून जातं?

जेवायलाही घरात यायचे नाहीत. डबा लागायचा. काकू भाकरी, भाजी, आमटी डब्यात भरून खिडकीतून हात लांब करून द्यायच्या आणि काका स्टुलावर बसून जेवायचे. मला बाई ते बघवत नसे. एकदा म्हटलंच, "काका, आत येऊन ताटात जेवा की. चूल तिथं, तुम्ही इथं, आणि डबा कसला?"

"ड्युटीवर असताना घरी जेवायला गेलो तर सुपरवायझर काय म्हणंल?"

"सुपरवायझर कोण?"

"मीच."

"आणि कामचुकार पण तेच!" खिडकीतून काकू ओरडल्या.

तर अशी ती दोघं. आणि त्या पडवीत काका काय करायचे, तर जुन्या बंदुका दुरुस्त करायचे. जुन्या म्हणजे पलटणीतल्या, इंग्रजांच्या काळातल्या. कुणाच्या माळ्यावर सापडलेल्या, कुठल्या शाळेच्या कपाटात पडलेल्या, देवळाच्या खुंटीवर टांगलेल्या. सगळ्या मुक्या. हा त्यांचाच शब्द. नळी बुजवलेली, बाजूनं भोक पाडलेलं, गोळी सुटायचा प्रश्नच नाही, आणि सोबत पोलिसांचा कागद. कागद नसेल तर बंदूक उंबऱ्याच्या आत यायची नाही, मग आणणारा कुणी का असेना. डुकरं मारायला बंदूक चालू करून द्या म्हणून आलेल्या एकाला त्यांनी चहा पाजला, बिस्किट दिलं आणि वाटेला लावलं. "माझ्याकडं बोलक्या बंदुकीचं काम नाय. मुकीला घेऊन या."

"पण मुकी दुरुस्त करून करायचं काय?" मी विचारलं होतं.

"मुकं माणूस आजारी पडलं तर त्याला डॉक्टर नको व्हय?"

तरुणपणी ते सैन्याच्या भरतीला गेले होते. छाती भरली नाही म्हणून परत आले. हे सांगताना त्यांना ना वाईट वाटायचं ना लाज. "बंदुकीशी माझं बोलणं अर्धवट राहिलं, ते आता पुरं करतोय," एवढंच म्हणायचे आणि कामाला लागायचे.

त्यांचा सगळ्यात मोठा वैरी पॉलिशपेपर. "पॉलिशपेपर म्हंजे चोर. गंज न्यायला आलो म्हणून सांगतो नि अक्षरं घेऊन जातो." लोखंडावर ठोकलेली बारीक अक्षरं, मुकुटाचा शिक्का, कुण्या कारागिराची खूण, हे सगळं त्यांना जिवापाड प्रिय. गंज ते तेलानं भिजवून, पितळेच्या पट्टीनं, हात राखून काढायचे. अलिबागेकडे बंगला बांधलेले एक गृहस्थ भिंतीवर टांगायची रायफल घेऊन आले होते. म्हणाले, आरशासारखी चकाकली पाहिजे. काकांनी बंदूक त्यांच्या हातात परत दिली. "चकाकायला पायजे तर स्टीलचा डबा टांगा. आमच्या घरात हाय एक, देऊ?" ते गृहस्थ जे गेले ते गेलेच. काकू म्हणाल्या, "आता डबा पण वाटा लोकांना."

मी मूर्तींच्या कारखान्यात आखणी करते. म्हणजे गणपतीचे डोळे काढते. हात स्थिर लागतो, डोकं शांत लागतं, आणि माझं डोकं डोळे काढताना सोडलं तर एरवी कधीच शांत नसतं. त्यामुळं काकांशी माझी रोज खडाजंगी. मी म्हणायची, रंगाशिवाय वस्तूला रूप नाही. ते म्हणायचे, रंग म्हंजे वस्तूच्या तोंडात बोळा. भांडण मिटायचं नाही, आणि मिटू नये असं दोघांनाही वाटायचं.

आणि मग वत्सलाबाय आली.

वत्सलाबाय कासूच्या पलीकडल्या खाडीकाठच्या एका गावची. जन्म मिठागरात गेलेला, पावलांना मिठाच्या भेगा. श्रावणात एका दुपारी गोधडीत गुंडाळलेली बंदूक खांद्यावर टाकून, पोलिसांचा कागद पदराला बांधून ती गाडीनं पेणला उतरली आणि विचारत विचारत आमच्या दारात आली. गोधडी उलगडली, आणि मी तर हसलेच. बंदूक नखशिखांत सोनेरी! सोनेरी नळी, सोनेरी घोडा, लाकडी दस्त्यावर लाल पट्टे, मध्ये गुलाबी फूल. आमच्या कारखान्यातला उंदीरही एवढा नटवलेला नसतो.

काका काही हसले नाहीत. त्यांनी डोळे मिटून घेतले.

वत्सलाबायनं सांगितलं ते असं. ती देवाची बंदूक. दसऱ्याला त्यांच्या गावदेवाची पालखी सोनं लुटायला वेशीवर निघते, तेव्हा पालखीच्या पुढं ही बंदूक चालते. ती खांद्यावर घ्यायचा मान वत्सलाबायच्या घराचा. सासऱ्यांच्या आज्यानं ती पलटणीतून आणली म्हणतात. सासरे गेले, नवरा गेला, मूलबाळ नाही, म्हणून आता ती स्वतः घेते. पालखी उठायच्या आधी देवळाच्या पायरीवर घोडा ओढून सोडायचा, त्याचा आवाज झाला की भोई पालखी उचलतात. ही रीत. पण दर दसऱ्याला पूजेआधी पेणच्या कारखान्यातला उरलेला रंग आणून बंदुकीला द्यायचा, हीही रीतच होऊन गेली. देवाची वस्तू, ती काय तशीच न्यायची? रंगावर रंग चढला, घोडा रंगातच चिकटून बसला. हलेना, वाजेना.

"मग पालखी कशी उठते?" काकांनी विचारलं.

"कशी म्हंजे? आमी समदी वरडतो."

"काय ओरडता?"

"ठो!"

काका तिच्याकडे बघतच राहिले. "तोंडानं?"

"मंग कशानं?"

"अगो, तोंडानंच ठो करायचं तर बंदूक कशाला लागते? केरसुणी घ्या खांद्यावर!"

वत्सलाबाय काही ऐकून घेणाऱ्यांतली नव्हती. "केरसुनीला मान नसतो, दादा," ती म्हणाली. आणि खरी गोष्ट बाहेर आली. भावकीतल्या सदानंदनं चांदीच्या पत्र्याची काठी करून घेतली होती. गावात बोलत होता, बंदूक वाजत नाही, म्हातारीला पेलत नाही, पालखीपुढं आता चांदीची काठी चालू द्या. मंडळींपैकी काही त्याच्या बाजूला झुकली होती. "माज्या घरात दुसरं काय बी नाय रं दादा. येवढा येकच मान हाय. तो गेला का मी कोन? घोडा तेवडा सोडवून दे. आनि वरून नवा सोनेरी मार."

"घोडा सोडवतो," काका म्हणाले. "सोनेरी मारनार नाय. हाय ते पण काढनार."

तिथं माझं आणि त्यांचं कडाक्याचं भांडण झालं. मी म्हटलं, काका, ती म्हातारी मागते ते द्या ना, तुमचं तत्त्व घाला चुलीत. रंगाखाली काय आहे कुणाला माहीत! ते म्हणाले, "म्हणूनच काढायचा." ऐकतील तर शपथ. काकू आतून म्हणाल्या, "सोड गो. यांच्या डोक्यातला घोडा पण रंगात अडकलाय." आणि त्या दिवसापासून काकूंना एक चाळाच लागला. काका पडवीत फार वेळ गप्प बसले की स्वयंपाकघरातून मोठ्यानं म्हणायच्या, "ठो!" काका दचकायचे, चिडायचे, हातातली पट्टी आपटायचे. काकू पदरात तोंड घालून हसायच्या.

रंग काढायला मीही बसायची, आमच्या कामातून सवड मिळेल तशी. मजा वाटायची. सोनेरीखाली गुलाबी निघाला, तो उंदराच्या पोटाचा. त्याखाली पितांबराचा पिवळा, मग शेल्याचा हिरवा. मी प्रत्येक रंग ओळखायची आणि काका म्हणायचे, "अख्खा गणेशोत्सव अंगावर घेऊन हिंडतेय बिचारी." घोडा सुटला. आतली कमान, म्हणजे स्प्रिंग, शाबूत होती. नळीवर मुकुटाचा शिक्का निघाला तेव्हा काका लहान पोरासारखे काकूंना बोलवायला धावले, आणि आश्चर्य म्हणजे ड्युटीवर असताना स्वयंपाकघराच्या दारातून धावले.

मग दस्त्याचा रंग निघाला आणि दस्ता त्यांच्या हातात भुगा होऊन खाली आला.

वाळवीनं लाकूड आतून कधीच खाल्लेलं. वरचं पापुद्र्याएवढं लाकूड आणि त्यावरचा रंग, एवढ्यावर ती बंदूक उभी होती. रंगानं धरून ठेवलं होतं ते काकांच्या हट्टानं सुटलं. त्यांच्या तोंडचं पाणी पळालेलं मी पहिल्यांदा पाहिलं. जमिनीवर बसून ते लाकडाचे कपचे एका सुपात गोळा करत होते, एक एक करून. काकू खिडकीत आल्या. त्यांनी बघितलं आणि "ठो" म्हटलं नाही. डबा ठेवून निघून गेल्या.

सदानंदला बातमी कशी लागली कोण जाणे, पण लागली. तो भला माणूस, उगाच खोटं कशाला बोलू. आमच्या दारात येऊन अदबीनं म्हणाला, "काका, तुम्ही नवा दस्ता करा, छानच कराल. पण मग ती बंदूक नवी झाली. तीच असंल तर मान तिचा. नवीच वस्तू चालवायची तर नवी आमची बी हाय."

त्याच्या बोलण्यात चूक काढायला जागा नव्हती. वत्सलाबायला बोलावून काकांनी सूप दाखवलं. मला वाटलं आता ही शिव्या घालणार. तिनं सुपातला एक कपचा उचलला, हातावर घेतला, हुंगला.

"मना नवी नको," ती म्हणाली. "मना माजीच पायजे."

"तुझीच मिळंल," काका म्हणाले. "दसऱ्याला."

त्यानंतर काकांनी ओव्हरटाइम लावला. सकाळी "फर्स्ट हाय" म्हणून जायचे आणि संध्याकाळी खिडकीतून सांगायचे, "आज डबल हाय गो." मोठे कपचे पाटावर मांडले होते, कुठला कुठं बसतो ते शोधायचं. पोखरलेल्या लाकडात इंजेक्शनच्या सुईनं पातळ गोंद सोडायचा, वाळू द्यायचा, परत सोडायचा. आतला पोकळ भाग सागाच्या कामट्यांनी भरायचा, पण बाहेरची कातडी सगळी जुनीच ठेवायची. एक कपचा चुकीचा बसला म्हणून सगळी बाजू उकलली आणि पहिल्यापासून सुरू केलं. घाई करा असं कुणी म्हणायची सोय नव्हती. "घाई असंल तर प्लॅस्टिकची घ्या, जत्रेत मिळते," हे त्यांचं ठरलेलं उत्तर. गणपती आले नि गेले, नवरात्र बसलं. काकू देव पाण्यात घालून बसल्या. कुठल्या देवाला काय बोलल्या ते सांगत नव्हत्या.

दस्ता उभा राहिला. पण सगळीकडे सांध्यांच्या रेघा, माशाच्या खवल्यांसारख्या. मी म्हटलं, "काका, मी गणपतीचा डोळा काढते. या रेघा मी अशा झाकीन की देवालाही कळणार नाहीत. बारीक ब्रश, लाकडाचाच रंग, बस."

"नाय."

"अहो, गाव म्हणेल नवी आहे!"

"म्हणू दे. झाकलं तर खोटं होईल. आतापर्यंत झाकूनच भुगा झाला ना?"

मी तणतणत निघून आले. एवढा हटवादी माणूस मी जन्मात पाहिला नाही. पण वर येऊन बसल्यावर त्यांचंच पटायला लागलं, म्हणून आणखी राग आला.

दसऱ्याला आम्ही दोघंच गेलो, रोह्याच्या गाडीनं कासूला उतरून. बंदूक त्याच गोधडीत. काकू आल्या नाहीत. "मी कशाला? मी कधी कंपनीत आले का?" म्हणाल्या. डबा मात्र दिला.

देवळापुढं गाव जमलं होतं. पालखी सजलेली, भोई उभे, सदानंद पांढऱ्याशुभ्र कपड्यांत काठी घेऊन एका बाजूला. वत्सलाबाय हिरवं नेसली होती. काकांनी गोधडी उलगडली.

मग एक म्हातारा पुढं येऊन वाकून बघायला लागला आणि म्हणाला, "ही आपली नाय."

झालं! आम्ही काका-पुतणीसारखे दोघं तिथं उभे आणि सगळं गाव म्हणतंय, ही आमची नाय. आणि त्यांचंही बरोबर. त्यांच्यापैकी कुणी ती कधी उघडी पाहिलीच नव्हती. त्यांची बंदूक सोनेरी. ही काळपट लोखंडाची, तपकिरी, सांध्यासांध्यांची. जन्मभर मळवटात पाहिलेल्या बाईनं एक दिवस तोंड धुवून समोर यावं, तसं. माझे कान तापले. माझ्या ब्रशला हो म्हटलं असतं तर, असं तोंडावर आलं होतं, पण काकांचा चेहरा बघून गिळलं.

वत्सलाबायनं कुणाला विचारलं नाही. बंदूक घेतली, खांद्यावर टाकली, पायरीवर चढली. अंगठ्यानं घोडा मागं ओढला. कट. आणखी ओढला. कट. मग चाप दाबला.

टक्.

एवढाच. लहान, कोरडा, स्वच्छ आवाज. पाठीमागच्या पिंपळापर्यंत ऐकू गेला असेल. त्या गावातल्या बहुतेकांनी तो जन्मात ऐकला नव्हता.

आणि पालखी उठली नाही.

भोई एकमेकांकडे बघत होते. रीतीप्रमाणे आवाज झाला होता. पण भोई ज्याच्यावर हलायचे तो "ठो" झाला नव्हता, कारण बंदूक वाजल्यावर आपण ओरडायचं की नाही हेच गावाला कळेना. वत्सलाबाय पायरीवर एकटी, खांद्यावर ती बंदूक, जिला कुणी आपली म्हणेना. ती ओठ घट्ट मिटून समोर बघत होती आणि तिचे डोळे भरून आले होते. सदानंदनं काठी या हातातून त्या हातात घेतली. एक पाऊल पुढं टाकलं.

"ठो!"

माझ्या कानाशीच कुणीतरी ओरडलं. मी दचकून बघते तो काका! मान ताणलेली, गळ्याच्या शिरा फुगलेल्या, तोंड लालबुंद. ज्यांनी श्रावणापासून त्या ठोला केरसुणीच्या लायकीचं ठरवलं होतं, ते काका. पुन्हा ओरडले, "ठो!" आणि मग जो गलका उठला! पोरं, बाया, म्हातारे, सगळं गाव, "ठो! ठो!" भोयांनी पालखी उचलली. त्या वाकून बघणाऱ्या म्हाताऱ्यानं वत्सलाबायला हात जोडले आणि म्हणाला, "चल गो, पुढं हो." सदानंद थांबला. काठी खाली टेकली आणि, खरं सांगते, त्यानंही तोंड उघडून एक ठो दिला.

परतीच्या गाडीत काका खिडकीबाहेर बघत बसले होते. मी म्हटलं, "काय हो, तोंडानं ठो?"

"तिचा आवाज झाला होता," ते म्हणाले. "फक्त कुणीतरी व्हय म्हनायला पायजे होतं." मग डबा उघडून अर्धी भाकरी माझ्या हातावर ठेवली. "घरी बोलू नको हां. ही बाई मला जगू देनार नाय."

मी घरी पोचल्या पोचल्या बोलले. काकूंनी त्यांना खरंच जगू दिलं नाही.

त्यानंतर त्या गावात रीतच पडली. वत्सलाबाय चाप ओढते, टक् होतं, आणि सगळं गाव थांबतं. त्या दिवशी थांबलं होतं तसंच. मग मागून काका पहिला ठो द्यायचे, आणि मग गाव. दर दसऱ्याला त्यांना बोलावणं यायचं, ते खाकी शर्ट घालून जायचे आणि म्हणायचे, "आज साइटवर ड्युटी हाय."

गेल्या पावसात काका गेले. साधा ताप आला आणि तेवढ्यातच. मला अजून पडवीपाशी जाववत नाही. काकू रडल्या नाहीत, निदान आमच्यासमोर नाही. एकदा मात्र भरलेला डबा हातात घेऊन खिडकीशी उभ्या दिसल्या. मला बघून म्हणाल्या, "सवय मेली," आणि डबा माझ्याच हातात दिला.

दसऱ्याला काकू म्हणाल्या, "मी येते." कासूला उतरलो, चालत गेलो. वत्सलाबाय आता फार वाकली आहे, पण बंदूक तिच्याच खांद्यावर. दोघींनी एकमेकींना बघितलं. ती पायरीवर चढली. घोडा ओढला, चाप दाबला. टक्.

गाव थांबलं. भोई वाकून तयार. आणि मग एकेक जण मागं वळून बघायला लागला, जिथं काका उभे राहायचे तिकडे. तिथं आम्ही दोघी उभ्या होतो. वत्सलाबायही वळून बघत होती. मी ओरडायला तोंड उघडलं, तेवढ्यात...

"ठो!"

काकू ओरडल्या. आवाज मध्येच फाटला. पदर खोचून, दोन्ही मुठी आवळून, त्यांनी अख्ख्या गावाला ऐकू जाईल असा तो ठो दिला आणि पालखी उठली. गाव ओरडत पुढं निघालं. काकू तिथंच उभ्या होत्या, दम लागलेल्या. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या,

"बरोबर केला ना गो मी? चिडले नसतील ना?"